थंडीने दिलेले धन : शॅम्पेनच्या द्राक्षभूमीचा इतिहास



शॅम्पेन हा शब्द आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकलेला असतो तो मेजवानीच्या, जहाजाच्या जलावतरणाच्या किंवा एखादा सामना जिंकल्यानंतरच्या जल्लोषाच्या संदर्भात. बूच उडाल्याचा आवाज, फेसाचा फवारा आणि श्रीमंती थाट एवढेच चित्र त्या शब्दाबरोबर डोळ्यांपुढे उभे राहते. अशा वस्तूचा इतिहास या व्यासपीठावरून सांगण्याचे प्रयोजन काय, असे कोणी विचारले तर तो प्रश्न गैर म्हणता येणार नाही. म्हणून आरंभीच सांगून टाकतो, की मद्याची तरफदारी करण्यासाठी मी येथे उभा नाही. प्यावे की न प्यावे हा नीतीचा आणि आरोग्याचा प्रश्न झाला. त्याचा निवाडा करणारी मंडळी वेगळी आहेत. माझा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाचा आहे. ज्या भूमीत द्राक्ष जेमतेम पिकते, जेथे ऐन वसंतात हिम पडून कोवळी फूट जळून जाते, त्या भूमीने जगातले सर्वांत नामांकित द्राक्षमद्य कसे निर्माण केले? आणि त्यातून जे मोल निर्माण झाले, त्याचा धनी कोण? वेल लावणारा शेतकरी, बाटली विकणारी पेढी, की त्या भूमीचे नाव? पहिल्या प्रश्नाचे उत्तर देताना एक मोठी दंतकथा बाजूला सारावी लागते. दुसऱ्या प्रश्नासाठी तर माणसांनी घरे जाळली आहेत.

भूमी आणि हवा

शॅम्पेन हे मुळात मद्याचे नाव नव्हे. ते फ्रान्सच्या ईशान्येकडील एका प्रांताचे नाव आहे. पॅरिसच्या पूर्वेस मार्न नावाची नदी वाहते. तिच्या दोन्ही बाजूंच्या टेकड्यांवर, आणि दक्षिणेस ओब नदीच्या खोऱ्यात, या द्राक्षबागा पसरलेल्या आहेत. प्रांतातली दोन प्रमुख शहरे म्हणजे रॅन्स आणि एपर्ने. रॅन्स, म्हणजे इंग्रजी नकाशांतले रीम्स, हे फ्रान्सच्या राजांचे अभिषेकनगर. १४२९ मध्ये जोन ऑफ आर्कने सातव्या चार्ल्सला अभिषेकासाठी नेले ते याच शहरी. राज्याभिषेकाच्या मेजवान्यांत तेथले मद्य वाहत असे आणि त्यामुळे प्रांताच्या मद्याला राजमान्यता लाभली. पण ते मद्य आजचे नव्हे. ते फिकट तांबूस रंगाचे, फेसाचा लवलेश नसलेले साधे मद्य होते, आणि त्याची सारी धडपड दक्षिणेकडील बर्गंडीच्या मद्याशी बरोबरी करण्याची होती.

ही बरोबरी साधणे कठीण होते, कारण हवा आडवी येत होती. रॅन्स शहर उत्तर अक्षांश ४९ अंशांच्याही पलीकडे आहे. वर्षाचे सरासरी तापमान दीर्घकाळ दहा-साडेदहा अंश सेल्सियसच्या आसपास राहिले. आपले नाशिक विसाव्या अंशावर येते, हे ध्यानात घेतले म्हणजे फरक कळेल. आपल्याकडे वेल कधी झोपी जातच नाही. म्हणून बागाईतदार त्याला वर्षातून दोनदा छाटतो. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी, आणि मग भर उन्हाळ्याच्या तोंडाशी घड तयार. शॅम्पेनमध्ये वेल हिवाळाभर निष्पर्ण, मृतवत उभा असतो. मार्च-एप्रिलात डोळे फुटतात, जूनमध्ये फुलोरा येतो आणि त्यानंतर साधारण शंभर दिवसांनी तोडणी होते. एवढ्या अवधीत ऊन कमी पडले तर मण्यात साखर भरत नाही, आंबटपणा मात्र राहून जातो. त्यातच वसंतातले हिम. मे महिन्याच्या ११, १२, १३ या तारखा ज्या संतांच्या आहेत त्यांना तिकडचे शेतकरी ‘बर्फाचे संत’ म्हणतात. ते दिवस पार पडेपर्यंत कोणाचा जीव थाऱ्यावर नसतो. हिमाच्या रात्री बागेत शेगड्या पेटवतात, किंवा डोळ्यांवर पाण्याचे तुषार सोडून त्यांच्याभोवती बर्फाचेच कवच बनवितात. पाणी गोठताना जी उष्णता बाहेर टाकते तिने आतला कोंब वाचतो.

या प्रतिकूलतेत एक गोष्ट मात्र अनुकूल होती : जमीन. तिच्या खाली खडूचा जाड थर आहे. हा खडू स्पंजासारखा सच्छिद्र असतो. एक घनमीटर खडू तीनशे ते चारशे लिटर पाणी धरून ठेवतो. पावसाचे जादा पाणी वाहून जाते आणि कोरड्या दिवसांत मुळांना ओल मिळत राहते. शेतकऱ्याने वेलही जमिनीलगत बुटका वाढविला, म्हणजे दिवसा तापलेल्या मातीची ऊब घडांना लाभावी. पिनो न्वार आणि म्यूनिये ही दोन काळी द्राक्षे आणि शार्दोने हे पांढरे, या तीन जाती त्या हवेत टिकल्या. काळ्या द्राक्षाचा रंग सालीत असतो, गरात नसतो. म्हणून घड हलक्या हाताने तोडून, न चिरडता, अलगद दाबले की काळ्या मण्यांतूनही पांढरा रस निघतो. याच कारणाने तेथे आजही तोडणी हातानेच करावी लागते. यंत्राला मज्जाव आहे. चार हजार किलो द्राक्षांतून २,५५० लिटरांपेक्षा जास्त रस घेऊ नये, असाही नियम आहे.

दोष कसा उपजला?

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. द्राक्षाचा रस आंबतो म्हणजे काय होते? यीस्ट नावाचे सूक्ष्म जीव, ज्यांना आपल्या जुन्या वैद्यकात किण्व म्हणत, रसातली साखर खातात आणि तिचे मद्यार्क व कार्बन डायऑक्साइड वायू यांत रूपांतर करतात. पिंप उघडे असले की वायू उडून जातो. उष्ण प्रदेशात हे काम काही दिवसांत पुरे होते. शॅम्पेनमध्ये तोडणी मुळातच उशिरा. रस आंबू लागतो न लागतो तोच हिवाळा येऊन ठेपतो. थंडीने किण्व निपचित पडतात. शेतकऱ्याला वाटते, काम संपले. साखर मात्र थोडी शिल्लक असते. पुढे वसंत ऋतू आला, हवा उबदार झाली, की किण्व जागे होतात आणि पुन्हा आंबवण सुरू होते. मद्य त्या वेळी पिंपात असले तर थोडे फसफसून शांत होते. पण ते बाटलीत भरून बूच मारलेले असेल तर वायूला वाट कोठली? तो मद्यातच विरघळून राहतो, आणि बूच काढताच फेस होऊन उसळतो.

श्रोतेहो, हा फेस त्या काळच्या जाणत्या मद्यकाराच्या दृष्टीने दोष होता. मद्य नासल्याचे, निदान अपुरे राहिल्याचे, ते लक्षण होते. शिवाय बाटल्या तळघरात अचानक फुटत. सतरावे शतक हे युरोपात विशेष थंडीचे शतक होते, त्यामुळे हा उपद्रव आणखी वाढलेला. स्वतः चौदाव्या लुईचा वैद्य फागों याने राजाला शॅम्पेनऐवजी बर्गंडीचे मद्य घेण्याचा सल्ला दिला, तेव्हा तर या प्रांताच्या प्रतिष्ठेवर घावच बसला. अशा स्थितीत दोषालाच गुण मानणारा गिऱ्हाईक कोठून तरी मिळायला हवा होता. तो मिळाला समुद्रापलीकडे, ज्या देशात तेव्हा द्राक्षबागा नावाला होत्या त्या इंग्लंडमध्ये.

इंग्रजी काच

इंग्लंडचा या कथेतला वाटा पुष्कळांना ठाऊक नसतो. त्याचे मूळ आरमारात आहे. जहाजांसाठी लाकूड राखून ठेवावे म्हणून पहिल्या जेम्स राजाने १६१५ मध्ये काचेच्या भट्ट्यांत लाकूड जाळण्यास बंदी केली. काच करणारे नाइलाजाने दगडी कोळशाकडे वळले. कोळशाची आच अधिक तीव्र, म्हणून काच अधिक जाड, काळसर आणि मजबूत झाली. सर केनेल्म डिग्बी यांचे नाव या मजबूत बाटलीशी जोडले जाते. फ्रान्समध्ये अद्याप लाकडाच्या भट्टीतली नाजूक काच होती. इंग्रजांकडे स्पेन-पोर्तुगालकडून येणारे बूचही होते. फ्रान्समधून पिंपांतून येणारे शॅम्पेन ते लंडनमध्ये अशा बाटल्यांत भरू लागले आणि वसंतात फेस आला तरी बाटली टिकू लागली. राजाची मर्जी खप्पा झाल्याने १६६१ मध्ये फ्रान्स सोडून आलेले सरदार सँ-एव्हरमों यांनी लंडनच्या उमराव मंडळीत या मद्याची आवड रुजविली.

याहून महत्त्वाचा पुरावा एका निबंधात आहे. १७ डिसेंबर १६६२ रोजी ख्रिस्टोफर मेरेट नावाच्या वैद्यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मद्य हाताळण्याच्या रीतींवर एक टिपण वाचले. अलीकडे आपले मद्यव्यापारी सर्व प्रकारच्या मद्यांत साखर आणि काकवी पुष्कळ घालतात आणि त्यायोगे ती चपळ व फसफसणारी होतात, असे त्यांनी त्यात नमूद केले आहे. म्हणजे तयार मद्यात साखर घालून मुद्दाम दुसरी आंबवण घडवावयाची, हे तत्त्व लंडनच्या व्यापाऱ्यांना १६६२ च्या आधीच ठाऊक होते. त्यांनी ते शोधले कोणत्या प्रयोगशाळेत? कोठल्याच नव्हे. धंद्याच्या व्यवहारात, हाताला हात लागत, ते सापडले. कोणा एकाचे नाव त्यावर नाही.

दोम पेरिन्यों : माणूस आणि दंतकथा

येथे आपण त्या प्रसिद्ध दंतकथेपाशी येतो. ओव्हिलेरच्या मठातील एका अंध साधूने एके दिवशी फेसाळ मद्याचा शोध लावला आणि आपण तारे पीत आहोत असे सोबत्यांना हर्षभराने सांगितले, ही ती कथा. दोम पेरिन्यों हा पुरुष काल्पनिक नाही. तो १६३८ च्या सुमारास जन्मला, १६६८ मध्ये ओव्हिलेरच्या मठात कोठीचा कारभारी झाला आणि १७१५ मध्ये वारला. म्हणजे मेरेट यांचे टिपण वाचले गेल्यानंतर सहा वर्षांनी तो मठात आला. एवढ्या एका तारखेनेच कथेचा पाया ढासळतो. अधिक गंमत अशी की, त्याचा सारा प्रयत्न मद्यात फेस येऊ नये यासाठी होता! काळ्या द्राक्षांवर त्याचा भर होता, कारण पांढऱ्या द्राक्षांचे मद्य अधिक फसफसते असा त्या काळचा अनुभव होता.

मग त्याचे कर्तृत्व काय? ते खरे आहे, आणि माझ्या मते दंतकथेहून मोठे आहे. वेलीची कठोर छाटणी करून उत्पन्न कमी पण कसदार घ्यावे, सकाळच्या गारव्यात तोडणी करावी, फुटलेले मणी वेचून टाकावेत, घड अलगद दाबावेत, अशी शिस्त त्याने घालून दिली. याहून महत्त्वाचे म्हणजे निरनिराळ्या गावांच्या बागांतील द्राक्षांचा मेळ घालण्याचे त्याचे कौशल्य. एका बागेचे द्राक्ष फार आंबट, दुसरीचे फार मऊ. दोन्ही एकत्र आली तर एकाचे उणे दुसरे भरून काढते. जेथे हवा दरसाल दगा देते तेथे हा मेळ म्हणजे एक प्रकारचा विमाच होय. आज शॅम्पेनच्या पेढ्या अनेक गावांचे आणि अनेक सालांचे मद्य मिसळून आपली चव दरवर्षी तीच राखतात, त्या परंपरेचा तो एक आद्य पुरुष आहे.

दंतकथा मात्र पुढे शंभर वर्षांनी जन्मली. फ्रेंच राज्यक्रांतीत मठ बंद पडला. त्याच मठातले एक जुने साधू दोम ग्रोसार यांनी १८२१ मध्ये एका पत्रात सारे श्रेय पेरिन्योंला देऊन टाकले. उद्ध्वस्त झालेल्या मठाची कीर्ती राहावी, ही त्यांची भावना समजण्यासारखी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व्यापाऱ्यांनी ती कथा उचलली, कारण कारखान्यातल्या मालाला मठाची पुण्याई चिकटविणे त्यांना सोयीचे होते. इतिहासात असे नेहमी घडते. शेकडो अनामिकांनी पिढ्यान्‌पिढ्या केलेले काम एका नावावर जमा होते, आणि ते नाव कोणाला उपयोगी पडते हे पाहिले म्हणजे कथेचा उगमही सापडतो.

फुटक्या बाटल्या आणि एक विधवा

फ्रान्समध्ये या फेसाळ मद्याला चालना मिळाली ती कायद्याने. तोवर मद्य पिंपांतूनच न्यावे असा दंडक होता. २५ मे १७२८ रोजी पंधराव्या लुईच्या सरकारने शॅम्पेन बाटल्यांतून नेण्याची परवानगी दिली. लगोलग १७२९ मध्ये र्‍युइनार यांची पेढी निघाली, १७४३ मध्ये मोएत यांची आणि १७७२ मध्ये क्लिको यांची. १७३५ मध्ये बाटलीचे वजन आणि आकार राजाज्ञेने ठरले. तरीही बाटल्या फुटण्याचे थांबेना. एक फुटली की तिच्या तुकड्यांनी शेजारच्या फुटत, आणि वाईट साली निम्म्याहून अधिक माल तळघरात सांडून जाई. कामगार तोंडावर लोखंडी जाळीचे मुखवटे घालून आत शिरत. कित्येकांचे डोळे गेले. मेजवानीच्या टेबलावरील तो फेस अशा अंधाऱ्या वाटेने आलेला होता.

या फुटीचे कारण अंदाज हे होते. साखर किती घालावी हे कोणालाच ठाऊक नव्हते. ते कोडे सोडविले शालों येथील फ्रांस्वा नावाच्या एका औषधविक्रेत्याने. मद्यात शिल्लक असलेली साखर मोजून किती नवी घालावी, याचे गणित त्याने १८३६ च्या सुमारास बसविले. आज लिटरला सुमारे २४ ग्रॅम साखर घातली की बाटलीत सहा वातावरणांइतका दाब येतो, हे कोणीही सांगेल. त्या काळी हे गणित म्हणजे कामगारांचे डोळे आणि मालकांचे भांडवल वाचविणारा शोध होता. किण्व हे जिवंत प्राणी आहेत आणि आंबवण ही त्यांची करणी आहे, हे लुई पाश्चरने १८५७ नंतर सिद्ध केले. म्हणजे शास्त्र मागाहून आले; कारागिरी आधीच पुढे गेली होती.

आणखी एक अडचण होती. बाटलीत दुसरी आंबवण झाली की मेलेल्या किण्वांचा गाळ बुडाशी बसतो आणि मद्य गढूळ दिसते. गाळ काढावा तर फेस जातो. येथे बार्ब-निकोल क्लिको या बाईंचे नाव येते. १८०५ मध्ये पती वारले तेव्हा त्या २७ वर्षांच्या होत्या, पदरी एक लहान मुलगी. नेपोलियनच्या कायद्याने विवाहित स्त्रीला स्वतंत्रपणे व्यापार करणे दुरापास्त होते. विधवेला मात्र ती मोकळीक होती. आपल्या समाजात वैधव्याने स्त्रीचे सारेच दोर कापले जात त्या काळी, तिकडच्या कायद्याच्या या फटीतून एक स्त्री पेढीची मालकीण झाली, ही नोंद करण्याजोगी गोष्ट आहे. युद्धामुळे युरोपची बंदरे बंद होती. १८१४ मध्ये नेपोलियनचा पाडाव होताच, प्रतिस्पर्धी जागे होण्यापूर्वीच, बाईंनी १०,५५० बाटल्या जहाजाने रशियाच्या वाटेवर रवाना केल्या. रशियाची बाजारपेठ त्यांच्या हाती आली.

गाळाचा उपायही त्यांच्याच तळघरात निघाला. बाटली भोके पाडलेल्या फळीत तोंड खाली करून ठेवायची आणि रोज थोडी हलवून, फिरवून हळूहळू उभी उलटी करायची, म्हणजे गाळ घरंगळत बुचापाशी जमतो. मग बूच काढताच तेवढा गाळ दाबाने बाहेर फेकला जातो. १८१६ च्या सुमारास स्वयंपाकघरातल्या टेबलाला भोके पाडून बाईंनी पहिला प्रयोग केला, असे सांगतात. त्यांचे तळघरप्रमुख आंत्वान म्युलर यांनी फळीत तिरपी भोके पाडून ती रीत पुरी केली. अनुभवी कामगार दिवसात हजारो बाटल्या दोन्ही हातांनी फिरवी. १९७० नंतर स्पेनमध्ये निघालेल्या यंत्राने पुढे ते काम बहुतांशी आपल्याकडे घेतले. १८८४ पासून बाटलीचे तोंड गोठवून गाळाचा बर्फाळ गोळाच बाहेर काढू लागले.

दुसरी एक विधवा, मादाम पोमरी, हिने रॅन्सखालच्या रोमन काळातल्या खडूच्या खाणी विकत घेऊन मैलोगणती तळघरे जोडली. तेथे बारा महिने दहा-बारा अंश तापमान असते. रशियन गिऱ्हाइकाला अतिगोड मद्य लागे, इंग्रजाला गोडी नको असे. पोमरीबाईंनी १८७४ च्या द्राक्षांपासून जवळजवळ साखरविरहित मद्य बाजारात आणले आणि पुढे तीच आवड सर्वत्र रूढ झाली. एकोणिसाव्या शतकात विक्री लाखांवरून कोटींवर गेली.

१९११ चा वणवा

पेढ्या श्रीमंत झाल्या. शेतकरी झाला का? या इतिहासातले खरे नाट्य येथे आहे. पेढ्यांची स्वतःची जमीन थोडी. द्राक्षे पिकवीत ती हजारो लहान शेतकरी कुटुंबे. तोडणीनंतर द्राक्ष दोन दिवसही थांबत नाही, त्यामुळे भाव ठरविताना शेतकऱ्याचा हात नेहमी दगडाखाली. हे दुःख आपल्या द्राक्ष-ऊस-कांदा पिकविणाऱ्याला समजावून सांगण्याची गरज नाही. त्यातच १८९० च्या सुमारास फायलॉक्सेरा नावाची मुळे खाणारी कीड आली. उपाय एकच : सगळे वेल उपटून अमेरिकन वेलीच्या खुंटावर कलमे करावयाची. त्याचा खर्च कर्ज काढून झाला. याच वेळी रेल्वे झाल्यामुळे काही व्यापारी लुआर खोऱ्यातून आणि दक्षिण फ्रान्समधून स्वस्त द्राक्षे व रस आणून त्याचे ‘शॅम्पेन’ करू लागले. नाव शॅम्पेनचे, द्राक्ष परगावचे, आणि खुद्द शॅम्पेनचा शेतकरी भावावाचून बसलेला.

शेतकऱ्यांच्या मागणीवरून सरकारने डिसेंबर १९०८ मध्ये प्रांताची सीमा आखली. पण तीत मार्न जिल्हा आणि एनचा काही भाग आला. दक्षिणेकडचा ओब जिल्हा वगळला गेला. वास्तविक ओबमधील त्र्वा हे शहर शॅम्पेनची जुनी राजधानी. तेथले लोक भडकले. १९१० चे पीक पावसाने आणि रोगाने जवळजवळ बुडाले. जानेवारी १९११ मध्ये मार्नच्या शेतकऱ्यांनी बाहेरून आलेले मद्य अडवून पिंपे नदीत लोटली. मार्च-एप्रिलात ओबमध्ये हजारो लोकांनी मोर्चे काढले. ११ एप्रिल रोजी सेनेटने सीमा रद्द करावी असा ठराव केला. तारेने ती बातमी मार्नमध्ये पोचली त्या रात्रीच वणवा पेटला. १२ एप्रिलला आयी गावात पेढ्यांची तळघरे आणि मालकांची घरे जळाली, रस्त्यांतून मद्याचे पाट वाहिले. सैन्य आणून शांतता करावी लागली.

या दंग्याची विशेषता अशी, की दोन्ही बाजूंचे शेतकरी एकमेकांविरुद्ध उभे होते आणि दोघांचीही तक्रार खरी होती. मार्नच्या शेतकऱ्याला नाव राखावयाचे होते, ओबच्या शेतकऱ्याला नावातून हाकलून दिले जाऊ नये असे वाटत होते. ओबला प्रथम ‘दुसऱ्या वर्गाचे’ शॅम्पेन म्हणविण्याची मुभा मिळाली. पूर्ण न्याय मिळण्यास २२ जुलै १९२७ चा कायदा यावा लागला.

मधल्या काळात पहिले महायुद्ध येऊन गेले. १९ सप्टेंबर १९१४ रोजी जर्मन तोफांनी रॅन्सचे अभिषेकमंदिर पेटले. त्यानंतर वर्षानुवर्षे शहर माऱ्याखाली होते; माणसे मद्याच्या तळघरांत राहत होती, मुलांच्या शाळा तेथेच भरत होत्या. पुरुष आघाडीवर गेलेले असताना बायका आणि मुले तोफांच्या टप्प्यात द्राक्षे तोडीत होती, आणि त्यात काहींनी प्राण गमावले. युद्ध संपते तोच रशियात क्रांती झालेली आणि १९२० पासून अमेरिकेत दारूबंदी. दोन मोठी गिऱ्हाइके एकदम गेली. दुसऱ्या महायुद्धात जर्मन अंमलाखाली, १९४१ मध्ये, शेतकरी आणि पेढ्या यांनी एकत्र येऊन एक समिती स्थापिली. जर्मनांशी एकमुखाने बोलता यावे हा तिचा तात्कालिक हेतू. तिचे एक प्रमुख रोबेर-जाँ द व्होग्युए यांना १९४३ मध्ये गेस्टापोने पकडले, देहान्ताची शिक्षा सुनावली. ते सुदैवाने वाचले. ७ मे १९४५ रोजी जर्मनीच्या शरणागतीवर सह्या झाल्या त्या याच रॅन्स शहरातल्या एका शाळेत. जी समिती संकटात जन्मली ती शांततेतही टिकली. आज सुमारे ३४ हजार हेक्टरांपैकी नव्वद टक्के बागा शेतकऱ्यांच्या मालकीच्या आहेत, आणि द्राक्षाचा व्यवहार दोन्ही पक्ष एका मेजाभोवती बसून चालवितात. भांडणे संपली असे नाही. पण घरे जाळण्याची वेळ पुन्हा आली नाही.

नाव कोणाचे?

सीमेच्या या झगड्यातून एक तत्त्व जगाला मिळाले : भूमीचे नाव ही त्या भूमीत राबणाऱ्या सर्वांची सामाईक मालमत्ता आहे, ती कोणा एका व्यापाऱ्याची नव्हे. १९३६ मध्ये शॅम्पेनला मूळस्थानाचे कायदेशीर संरक्षण मिळाले. १९६० मध्ये लंडनच्या न्यायालयात ‘स्पॅनिश शॅम्पेन’ असे नाव लावणाऱ्यांविरुद्ध शॅम्पेनच्या पेढ्यांनी दावा जिंकला. आपल्याकडे १९९९ चा भौगोलिक निर्देशांकांचा कायदा याच तत्त्वाचा वारस आहे, आणि ‘नाशिक व्हॅली वाइन’ हे नावही त्याखाली नोंदले गेले आहे.

आपल्या भूमीचा आणखी एक धागा येथे जोडता येतो. १९८० नंतरच्या दशकात नारायणगावाजवळ फ्रेंच तंत्राने, बाटलीतल्या दुसऱ्या आंबवणीचे मद्य तयार होऊ लागले आणि ते परदेशीही गेले. २०१३ मध्ये तर मोएत यांच्याच घराण्यातल्या उद्योगाने दिंडोरी परिसरातल्या द्राक्षांपासून तसेच मद्य बाजारात आणले. तंत्र तेच, घराणे तेच. पण त्या बाटलीवर शॅम्पेन हा शब्द लिहिण्याचा अधिकार खुद्द त्या घराण्यालाही नाही. नाव माणसांबरोबर प्रवास करीत नाही. ते मातीपाशीच राहते. १९११ मध्ये आयीच्या रस्त्यावर शेतकरी जे मागत होते ते नेमके हेच होते.

थंडी ओसरल्यावर

आता शेवटचा मुद्दा. ज्या थंडीने हे धन दिले ती थंडीच आता कमी होत आहे. गेल्या काही दशकांत शॅम्पेनचे सरासरी तापमान एक अंशाहून अधिक वाढले आणि तोडणी दोन-तीन आठवडे अलीकडे आली. २००३ साली ऑगस्टमध्येच तोडणी सुरू झाली, तेव्हा १८२२ नंतर असे प्रथमच घडले म्हणून सर्वांना नवल वाटले. पुढे ते वारंवार घडू लागले. प्रथमदर्शनी हे वरदान वाटेल, कारण द्राक्ष आता चांगले पिकते. पण फेसाळ मद्याचा प्राण आंबटपणात आहे, आणि उष्णतेने तोच ओसरतो. शिवाय वेल लवकर फुटू लागला, म्हणून वसंतातल्या हिमाचा धोका उलट वाढला. २००३ च्या त्याच साली एप्रिलमधील हिमाने पिकाचे मोठे नुकसान केले होते.

आणि त्याच वेळी खडूचा तो पट्टा, जो समुद्राखालून जाऊन दक्षिण इंग्लंडच्या टेकड्यांत पुन्हा वर येतो, तेथे द्राक्ष पिकू लागले आहे. १९८८ मध्ये ससेक्समधील नायटिंबर येथे शॅम्पेनच्या तीनही जातींची लागवड झाली आणि तिच्या मद्याने जाणकारांना चकित केले. २०१७ मध्ये शॅम्पेनच्याच तेतँजे या पेढीने केंटमध्ये बाग लावली, आणि तिला नाव दिले त्या जुन्या परागंदा सरदाराचे, सँ-एव्हरमोंचे. मेरेट यांच्या देशात आज हजारो हेक्टरांवर वेल उभे आहेत. उद्या रॅन्सची हवा बर्गंडीसारखी झाली आणि केंटची रॅन्ससारखी, तर नाव एकीकडे आणि हवा दुसरीकडे अशी फारकत होईल. ज्या नावासाठी एवढा झगडा झाला त्याच्या मुळाशी असलेली हवा कोणत्याही कायद्याने राखून ठेवता येत नाही.

श्रोतेहो, आपल्या द्राक्षपट्ट्यातही अवकाळी पाऊस आणि गारपीट शेतकऱ्याची झोप उडवीत आहेत. शॅम्पेनच्या इतिहासातून त्याला द्यावयाचा तयार उपाय माझ्यापाशी नाही. दोन देशांची हवा आणि दोन समाज यांत फार अंतर आहे. तरी तीन गोष्टी त्या इतिहासाने स्पष्ट केल्या आहेत असे मला वाटते. निसर्गाची अडचण ही कायमची अडचणच राहते असे नाही. तिचा कस ओळखणारी माणसे निघाली तर तीच भांडवल होते. हे भांडवल उभे करणारे हात अनेक असतात, आणि कीर्ती एखाद्या साधूच्या किंवा एखाद्या पेढीच्या नावावर जमा झाली तरी हिशोब त्या अनेक हातांना मिळाला पाहिजे. आणि तो हिशोब आपोआप मिळत नाही. मार्न आणि ओबच्या शेतकऱ्यांना तो मागावा लागला, चुकीच्या मार्गानेही मागावा लागला, आणि मगच दोन्ही पक्षांना एका मेजाभोवती बसण्याचे शहाणपण आले. ते शहाणपण वणवा पेटण्यापूर्वी यावे, एवढीच अपेक्षा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.